वायर सोडू नका

३ मार्च, सोमवार

नव्या गावातला पहिला दिवस संपला आणि मी अजून हसतोय. कंपनीने मला इथे लिफ्ट सांभाळायला पाठवलं आणि घर मिळालं तिसऱ्या मजल्यावर, तेही बिनलिफ्टच्या इमारतीत. हिला फोनवर सांगितलं तर तिला हसून हसून ठसका लागला. लेकीची परीक्षा झाली की दोघी शनिवारी, बावीस तारखेला येतील. लेक पहिलीत आहे, पण आवाज सगळ्या गल्लीला पुरतो, म्हणून घरात तिला भोंगा म्हणतात. तोवर इथे मीच राजा.

मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात, बोलायला मोकळ्या आहेत. आधी इथे गणिताचे एक मास्तर एकटेच राहायचे, ते न सांगता निघून गेले म्हणे. सामान भाच्याने नेलं. राहिले ते दाराजवळचे काळे बूट आणि बाहेरच्या खोलीतला स्टीरिओ. माणूस परत आला तर अनवाणी फिरेल का, म्हणून त्यांनी बूट तसेच ठेवलेत. स्टीरिओ मात्र खुशाल वाजवा म्हणाल्या. माझी चांदी झाली.

५ मार्च, बुधवार

कामावरून आलो की चपला काढायच्या आधी स्टीरिओ. त्याच्या ट्यूनरवर डिजिटल रेडिओ लागतो. बटण दाबलं की तो स्वतःच स्टेशनं शोधतो आणि नावं पट्टीवर सरकत जातात. खरखर नाही, शिट्ट्या नाहीत. आवाज एक तर स्वच्छ येतो, नाहीतर अजिबात येत नाही.

एक गंमत सापडली. मालकीणबाईंच्या जुन्या रेडिओवर ज्या बातम्या लागतात, त्याच माझ्याकडे जराशा उशिरा पोचतात. वाक्य आधी जिन्यातून ऐकू येतं आणि मग स्टीरिओतून. डिजिटलला आवाज उलगडायला तेवढा वेळ लागतो. चहा निवला तरी मी हाच खेळ खेळत बसलो होतो.

९ मार्च, रविवार

एरियल म्हणजे खिडकीच्या चौकटीला चिकटवलेली साधी वायर. दुपारी ती निसटली म्हणून हातात धरली, तर पट्टीवर नवंच स्टेशन उमटलं. नावाच्या जागी नुसती रेघ. वायर सोडली की स्टेशन गायब, धरली की हजर. माणसाचं अंगच एरियलचं काम करतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, तरी लहान मुलासारखी मजा वाटली. गाणी नव्हती, कोणाचा तरी श्वास तेवढा ऐकू येत होता. नाटक असावं.

फोनवर भोंग्याला सांगितलं. तिने लगेच हक्क सांगितला, आल्यावर वायर तीच धरणार. मी कबूल करून टाकलं.

११ मार्च, मंगळवार

ते नाटक नाही. आज तो माणूस बोलला. कोणी आहे का, असं पुन्हा पुन्हा विचारत होता. तो स्वर मी चांगला ओळखतो. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतल्या फोनवरून अगदी तसंच विचारतात. आमच्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, माणूस अडकला की आधी उत्तर द्यायचं, हत्यारं मागाहून काढायची. आणि तो बाहेर येईपर्यंत लाइन सोडायची नाही. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, की घाबरू नका, मी आहे इथे.

जरा वेळ गेला. मग तो रडायला लागला. माझं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं.

मी वायर सोडली नाही.

१३ मार्च, गुरुवार

खोली लहान आहे म्हणतो. दार नाही, बटणं नाहीत. मी वायर धरली की त्याला उजेड दिसतो, सोडली की अंधार होतो आणि जीव घुसमटतो. मी जेवायला उठलो होतो. परत येऊन धरली, तेव्हा ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला होता. मला स्वतःची लाज वाटली. आता ताट इकडेच घेऊन बसतो.

बाहेर असताना काय करत होता, असं विचारलं. मुलांना गणित शिकवायचो म्हणाला.

१४ मार्च, शुक्रवार

मालकीणबाईंना खोदून खोदून विचारलं. मास्तर गेले त्या दिवशी दार सताड उघडं होतं आणि स्टीरिओ चालू होता. त्याच्या थोडं आधी एक अनोळखी बाई जिन्यावरून अनवाणी उतरून गेली होती. वर जाताना तिला कोणीच पाहिलं नव्हतं.

वर आलो. मास्तरांना विचारलं, की तुम्ही आत कसे गेलात. म्हणाले, आधी आत एक बाई होती. ती हाक मारायची. ती सुटेपर्यंत मी वायर धरून बसलो.

मी वायर खेचून काढली, गुंडाळली आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. माफ करा मास्तर, मला लेक आहे.

१५ मार्च, शनिवार

कामावर विचित्र झालं. जोडीदाराचे ओठ आधी हलले आणि शब्द मागून आले. हात काढ म्हणून तो ओरडला, ते मला उशिरा कळलं. बोटं थोडक्यात वाचली.

१७ मार्च, सोमवार

वाढतंय. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कान ठणठणीत आहेत म्हणाले. त्यांचं तोंड मिटलं आणि मग मला ते ऐकू आलं. साहेबांनी सुट्टीवर पाठवलं. हिच्याकडे निघून जावं म्हणून बॅग भरली. कोपऱ्यावर गाडी अंगाला घासून गेली, हॉर्न नंतर वाजला. परत फिरलो. रस्ता ओलांडायची हिंमत नाही.

१८ मार्च, मंगळवार

हिला सांगायचं होतं, येऊ नका. पण माझं बोलणंही आता उशिराच पोचतं. ती हॅलो हॅलो करत राहिली, तुमचा आवाज येत नाही म्हणाली आणि फोन ठेवला. मेसेज केला. तो अजून जातोच आहे.

मालकीणबाईंकडे गेलो. मी बोललो, त्या नुसत्या बघत राहिल्या. शब्द पोचेपर्यंत त्यांनी दार लावून घेतलं होतं.

१९ मार्च, बुधवार

डब्यातून वायर काढून आणली. धरली मात्र, खिडकीवरच्या कावळ्याचा आवाज बरोबर त्याच्या चोचीवर येऊन बसला. सगळं जग ठिकाणावर आलं. इतकं बरं वाटलं की मी रडलो.

मास्तर तिथेच होते. रागावले नाहीत. पट्टीवर सिग्नलच्या रेघा एकेक करून भरत चालल्यात. माझ्या वेळीही अशाच भरल्या होत्या, म्हणाले.

२० मार्च

हात उघडत नाही. डावा. दुसऱ्या हाताने बोटं सोडवून पाहिली, दातांनी पाहिली— लिहायला उजवा आहे अजून.

आता मास्तरच मला धीर देतात. घाबरू नका, मी आहे इथे.

२१ मार्च

रेघा पूर्ण भरल्या. भिंती जवळ आल्यासारख्या—

त्यांचा आवाज आता स्टीरिओतून येत नाही. पाठीमागून येतो.

तारीख कळत नाही

मास्तर गेले. आधी खाकरले, मग बूट चढवले. नाड्या बांधल्या त्याही ऐकल्या. जाताना माफ करा म्हणाले. दार लावलं नाही.

इथे दार नाही. बटणं नाहीत. वही आणि पेन हातात होते, तेवढेच आत आले.

—

अंधार. किती वेळ, कोण जाणे.

—

उजेड. म्हणजे कोणीतरी वायर धरली—

मालकीणबाई नव्हेत. श्वास लहान आहे.

बिननावाचं स्टेशन लागलं म्हणून ती आईला सांगतेय. कबूल केलं होतं मी. मीच.

ही आतल्या खोलीत मला शोधतेय. कपाटं उघडतेय.

तोंड उघडायचं नाही. श्वाससुद्धा नाही. तिला लगेच कंटाळा येतो. वायर टाकून देईल. टाक, बाळा. टाक—

बाबा कुठे आहेत, असं विचारलं तिने. ही रडतेय.

भोंगा रडत नाही. घाबरली की ती हळू बोलते, अगदी हळू. ते मला एकट्याला माहीत आहे.

आता हळू बोलतेय. कोणी आहे का, म्हणतेय—

उत्तर द्यायचं नाही. वस्ताद, या वेळी लाइन सोडायची. सोडायची.

परत विचारलं तिने.

घाबरू नकोस, असं मी म्हणालो नाही. नुसतं लिहिलं. लिहिताना ओठ हलले असतील, पण आवाज फुटला नाही. मी ऐकलंय, नाही फुटला—

तिकडे, स्टीरिओतून, जराशा उशिरा, माझा आव