पलटणीची शिट्टी

आबा,

आधी घडलं ते सांगते.

१. रविवारी तुमच्या पलटणीतले निवृत्त सुभेदार काका उर्स्याहून मळवलीला घरी आले.
२. त्यांनी तुमची पितळी शिट्टी मागितली.
३. मी म्हणाले, "विचारून सांगते."
४. कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही. आई गेल्यापासून घरात मी एकटीच आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

चहाचा घोट घेऊन ते एवढंच म्हणाले, "साखर संपलीया, का माज्यावर राग हाय?" मी साखर आणली.

पलटणीत तुम्ही ज्या कंपनीचे हवालदार होता, तिची शिट्टीची रीत मला तुम्हीच सांगितली होती. तुम्ही सुट्टीवर आला आहात, स्वयंपाकघराच्या दारात बसून चिंचेने शिट्टी घासताय. आई आतून म्हणते, "घरातल्या तांब्याला कंदी हात लावला न्हाई, अन् हिला रोज आंगूळ!" मी वाजवायला मागते. तुम्ही हात मागे घेता. "ही माजी न्हाई, पलटणीची हाय." जुना हवालदार नव्याच्या हातात शिट्टी देतो. मग नवा कंपनीसमोर आधीच्या सगळ्यांची नावं एका दमात म्हणतो आणि ती वाजवतो. तुम्ही नावं म्हणून दाखवता. शेवटाला तुमचा चेहरा लालबुंद होतो आणि मला हसू फुटतं. "हसायचं न्हाई," तुम्ही म्हणता. "ह्यातले निम्मे शिट्टी देऊन फुडं गेले, ते परत आले न्हाईत." त्या सुट्टीत नंतर रोज संध्याकाळी तुम्ही माझ्याकडून ती नावं म्हणून घेतलीत.

त्याच सुट्टीत तुम्ही भाताच्या खाचरात कोसळलात. शिट्टी सदऱ्याच्या खिशात होती. पलटणीच्या स्मारकावर लढाईत गेलेल्यांचीच नावं असतात, त्यामुळे तुमचं नाही. नियमाने ते बरोबर आहे. तुमच्या जागी आलेल्याला नवी शिट्टी मिळाली, पण नावं तुमच्या आधीच्या माणसापाशीच थांबली. मी काकांना म्हणाले, तुम्हीच घेऊन जा. ते म्हणाले, "हातानं हातात दिल्याबिगर नाव लागत न्हाई, पोरी. पलटणीच्या स्थापना दिवसाला तूच यायचं. आबाच्या जागी तू."

नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात मी सुटे भाग तपासते. माप बसलं तर पुढे, नाही बसलं तर बाजूला. त्या हिशेबाने हे कठीण नाही. शिट्टी दिली तर तुमचं नाव दर वेळी म्हटलं जाईल, ठेवली तर कधीच नाही.

पण दिली की नवा हवालदार ती तिथल्या तिथे वाजवणार. तुमच्यानंतर आईने ती तोंडाला लावली नाही, मीही नाही. तिच्यातून गेलेला शेवटचा श्वास तुमचा आहे. श्वास धातूत राहत नाही, हे मला कळतं. तरी ती डबीत घालून रोज माझ्या पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी असते.

काल चिंच भिजत घातली. ती अजून वाटीतच आहे. मग शेवटी तुमचं नाव जोडून सगळी नावं म्हणून पाहिली. तुमच्यापर्यंत दम पुरला नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून शिट्टीच्या डबीत ठेवते आहे. काका शुक्रवारी उत्तर न्यायला येतील. गुरुवारपर्यंत कळवा.