कोरड्या मालाचा दाखला

प्रिय धाकटे,

हे पत्र दार लावून, एकटीने वाच. समोर बसून सांगणार होते, पण माझा आवाज जरा बसला की तू पाणी आणायला उठतेस आणि बोलणं तिथेच राहतं.

सोमवारी चौकशी पुन्हा बसते आहे. जहाज बुडाल्याला सात महिने झाले, तरी सगळी बोटं तुझ्या नवऱ्याकडेच आहेत. माल भरून घेण्याची जबाबदारी चीफ ऑफिसरची, म्हणजे त्याची, आणि त्याने ओला माल न तपासता भरू दिला, असं जहाजमालकांचा वकील म्हणतो आणि आमच्या कंपनीचाही. परवा तूसुद्धा म्हणालीस, "चुकलंच असेल गं त्याचं, माणूस दमतो." तेव्हापासून मला जेवण जात नाही.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. मी घरी फक्त त्याची कटकट आणली. खाणीतला माल परदेशी जायचा तर जहाज ठरवायचं, ते माझं काम. मोठ्या जहाजाला टनामागे भाडं कमी पडतं, पण आपल्या धक्क्याला तेवढी खोली नाही. मग मधलं जहाज घ्यायचं, तेही नवं महाग आणि जुनं स्वस्त. माल भरायला ठरलेले दिवस मिळतात. त्यापुढे जहाज उभं राहिलं तर दिवसागणिक दंड. एकतीस वर्षांत माझं एकही जहाज एक दिवस जास्त उभं राहिलं नव्हतं. याचा मला ताठा होता. चीफ चेष्टेने म्हणायचा, "ताईंनी माझं स्थळही तसंच पाहिलं. वय विचारलं, वजन विचारलं आणि कधी मोकळे होता ते विचारलं." तू हसून लोटपोट व्हायचीस.

त्या खेपेला मी जुनं जहाज घेतलं आणि योगायोगाने चीफ त्यावरच होता. पहिल्या दोन दिवसांत जेमतेम दोन कप्पे भरले, मग तीन दिवस पावसाने काम बंद. खनिजाचा ढीग उघड्यावर. हा माल दिसतो मातीसारखा, पण पाणी मुरलं की हेलकाव्यांनी जहाजाच्या पोटात त्याचा चिखल होतो, तो एका बाजूला सरकतो आणि जहाज कलतं. म्हणून ढिगाच्या आतून नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. त्याला आठवडा लागला असता. माझ्याकडे पावसाआधीचा दाखला होता. माल कोरडा, सही-शिक्क्यासकट. मी तोच पुढे केला.

चीफने माल तपासला होता. कुठल्याही जहाजावर करतात तसं त्याने पत्र्याचा डबा अर्धा भरला आणि लोखंडावर पंचवीस वेळा आपटला. वर पाणी आलं. दुसरा डबा भरला, पुन्हा पाणी. हे मला माहीत आहे, कारण त्याने मला फोन केला. ऑफिसात नाही, घरी. ऑफिसात केला असता तर नोंद झाली असती आणि मी अडचणीत आले असते, एवढा विचार त्याने माझ्यासाठी केला. मी त्याला सांगितलं की ते वरच्या थराचं पाणी आहे, आतून माल कोरडा आहे, मी स्वतः पाहिलं आहे. मी पाहिलं नव्हतं. तीन दिवस मी धक्क्यावर फिरकलेही नव्हते. तो म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणता म्हणून भरतो."

जहाज वेळेत सुटलं. वरिष्ठांनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली. सहाव्या दिवशी ते कललं आणि वीस मिनिटांत गेलं. एकवीस माणसं होती. वाचला एकटा स्वयंपाकी, आणि त्याला मालातलं काही कळत नाही. चीफची नोंदवही जहाजाबरोबर गेली. त्या फोनबद्दल जिवंत माणसांत फक्त मला ठाऊक आहे. सात महिने तुझ्या घरी येऊन मी पोळ्या लाटल्या, पोरीचा अभ्यास घेतला, तुझ्या डोक्याला तेल लावलं, आणि एक अक्षर बोलले नाही. रोज ठरवायचे, रोज जिना उतरताना पुढच्या वेळी सांगू म्हणायचे.

काल राजीनामा दिला. आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांकडे लेखी जबाब दिला. त्याची प्रत सोबत जोडली आहे. जुना दाखला, फोन, माझं खोटं, सगळं त्यात आहे. पुढे माझं जे व्हायचं ते होईल. त्यासाठी तू कुणाला भेटू नकोस, रदबदली करू नकोस. आईला मी सांगेन, ते तुझ्यावर टाकणार नाही. माफी मागत नाही, कारण मागितली तर तू देशील. सोमवारी शेजारी बस, हात धर, असं तू म्हणाली होतीस. ते जमणार नाही. मी साक्षीदाराच्या खुर्चीत असेन. पोरीला घेऊन ये, पुढच्या रांगेत बसव. तिच्या वडिलांनी दोन डबे आपटून पाहिले होते, हे तिने माझ्या तोंडून ऐकायला हवं.

तुझीच,
ताई