डिफरन्शियलचे ऑइल आणि माझे दुसरे लग्न

मी, देवराम कडू चौधरी, वय अडुसष्ट, धंदा ट्रकमालक आणि त्याच ट्रकचा ड्रायव्हर, राहणार बुधवारा, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. मन स्थिर असल्याचे लिहा, असे वकीलसाहेब म्हणाले. उद्या माझे लग्न आहे. मन ठिकाणावर आहे, पण स्थिर आहे असे लिहिले तर ते खोटे होईल.

कलम एक. बुधवाऱ्यातले राहते घर माझी मुलगी गायत्री हिला द्यावे. तिची आई रजनी गेली, त्यानंतर “बाबा, एकटे राहू नका,” असे सर्वांत आधी तीच म्हणाली. वरच्या खोलीत माझ्या होणाऱ्या पत्नीला हयातभर राहता यावे, एवढीच अट.

कलम दोन. बँकेतली ठेव होणारी पत्नी मालूबाई, राहणार बहादरपूर, यांना. त्या नको म्हणतात, त्यांचे स्वतःचे केळीचे शेत आहे. तरी देतो. नवऱ्याचे एखादे तरी ऐकावे. मी वर्षानुवर्षे त्यांची केळी वाहिली, आणि त्या मला देवरामभाऊ म्हणत. यंदा उन्हाळ्यात एकदा चहा देताना त्यांनी ‘भाऊ’ गाळले. मी कप तसाच धरून उभा राहिलो. पुढचे गायत्रीने ठरवले.

कलम तीन. ट्रक. याचे कारण नीट लिहून ठेवतो, नंतर वाद नको.

लग्नाचे कळल्यापासून माझा मुलगा गौरव, जो इंदूरला नोकरी करतो, माझ्याशी बोलेनासा झाला. त्यातच भर पावसाळ्यात भरलेला ट्रक मालूबाईंच्या शेताजवळ नाल्यात रुतला. मागची चाके बराच वेळ पाण्यात होती. मी डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचे, लॉक लावले. त्याने मागची दोन्ही चाके एकदम फिरतात. गाडी बाहेर आली, पण लॉक काही सुटेना. डांबरी रस्त्यावर वळताना मागून कडकड आवाज येई आणि टायर घासत. ऑइल बदलायचे ठरले, पण कोणते, यावर मी आणि माझा मेहुणा कौतिक भांडत बसलो. तो म्हणे, लॉकवाल्या गाडीला ऑइलमध्ये घसरणीचे खास औषध टाकावेच लागते. मी म्हणे, एकशेचाळीस नंबरचे जाड ऑइल घाला, सुट्या पिंपातले का असेना. गाडी मालूबाईंच्या बांधावर उभी, केळी कापायला आलेली.

मालूबाईंनी मला न विचारता गौरवला फोन लावला. “लग्नाचं राहू दे. तुझे बाबा अन् मामा भांडून राहिले, गाडीखाली कोणीच जात नाही. तू येतो का?” गौरव त्या गाडीखालीच लहानाचा मोठा झाला. तो सकाळच्या बसने आला.

त्याने खालचे बूच काढले तर आतून दुधाच्या चहासारखे ऑइल आले. पाणी शिरले होते, लॉक सरकवणारा काटा गंजून अडकला होता. तो साफ केल्यावर औषधाचा प्रश्न निघाला. मालूबाई म्हणाल्या, “माझ्या ट्रॅक्टरलाही लॉक आहे, दातांचं. दात दाताला धरतो, त्याला घसरायचं औषध कशाला?” गौरवने कंपनीचे पुस्तक मोबाईलवर उघडले. आमच्या लॉकलाही दातच, ज्यांना ते औषध लागते त्या घसरणाऱ्या प्लेटा नाहीत. गिअरचे साधे जीएल-५ दर्जाचे ऑइल, आणि आपल्याकडच्या उन्हाला जाडीचा नंबर पंच्याऐंशी-एकशेचाळीस. माझा नंबर बरोबर निघाला, म्हणून मी पिंपाकडे वळलो.

“नाही,” गौरव आणि मालूबाई एकदम म्हणाले. नुसता नंबर बघून चालत नाही, जीएल-५ लिहिलेला बंद डबाच हवा, हे मला दोन्ही बाजूंनी समजावण्यात आले. त्या दोघांचे पहिल्यांदा एकमत झाले ते माझ्याविरुद्ध, आणि मला इतका आनंद झाला की मी डबा आणायला दुकानापर्यंत जवळजवळ पळत गेलो.

म्हणून ट्रक मालूबाई आणि गौरव या दोघांच्या नावे, समान हिश्श्याने. भांडण झाल्यास दोघांनी गाडीखाली जावे.

कलम चार. माझी सर्व हत्यारे आणि ऑइल भरायचा हातपंप कौतिक यास. औषधाची बाटली त्याने आधीच विकत घेतली आहे, ती त्याचीच. तो अजून म्हणतो की थोडे टाकले असते तर बिघडले नसते. वर भेटल्यावर हा वाद पुढे चालवू.

कलम पाच. यात वाटणी काही नाही, पण वगळवत नाही. ऑइल भरल्यावर गौरवने मालूबाईंना शेजारच्या सीटवर बसवले आणि गाडी मुद्दाम चिखलात घातली. लॉक लावले, गाडी बाहेर. लॉक काढले, रस्त्यावर वळवली. मागून आवाज नाही. आत दोघे हसताना मला लांबून दिसत होते. गौरव उतरला, हात पुसले आणि कित्येक महिन्यांनंतर स्वतःहून माझ्याशी बोलला, “बाबा, तारीख कोणती? सुट्टी टाकावी लागेल.”

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे अमलात आणायची कोणालाही घाई नसावी. मला तर मुळीच नाही.

ठिकाण: बुऱ्हाणपूर
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५

सही: देवराम कडू चौधरी

आमच्यासमक्ष वाचून सही केली. सही करताना ते हसत होते, पण पूर्ण शुद्धीत होते.
साक्षीदार: १. भिकन लोटू महाजन, बहादरपूर
२. डॉ. अश्विनी योगेंद्र पाटील, बुऱ्हाणपूर