आहेराचे काठ

आक्का,

हे पत्र मुरगूडला पोचायचं नाही; पाठवायची माझी छाती नाही.

वास्तुशांतीला तू आहेर केलेली साडी मला हलकी वाटली. एकदाही न नेसता मी तिचे काठ कापले आणि ग्रीटिंग कार्डांवर चिकटवले. वर मणी, टिकल्या, सोनेरी रंग. शाहूपुरीत माझ्या कार्डांच्या प्रदर्शनात तू एका कार्डावरनं बोट फिरवलंस.

"लई झ्याक दिसतंय की गं! कुठनं आणतीस ह्ये काठ?"

मैत्रिणी ऐकत होत्या. मी म्हणाले, "पुण्याहून मागवते."

"व्हय?" म्हणालीस आणि कार्ड पालथं ठेवलंस.

आज तुझी माफी मागायला कार्ड करायला बसले. सजवायला काहीतरी शोधताना हात तुझ्या उरलेल्या साडीकडेच गेला, कात्री घेऊन.

तुझी म्हणवायला लाजणारी,
पूर्णिमा