बुरशी लागलेलं बूच

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. तुझं पत्र पोचलं. तू मागे लागून मला त्या वाइनच्या वर्गात घातलंस, त्याबद्दल आता तुझे आभारच मानायला हवेत. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस मी, पण दर गुरुवारी हातात पेला धरून पंडितासारखा बोलतो! शिकवणारे मास्तर पूर्वी हॉटेलात वाढपी होते. आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग घोट जिभेवर फिरवायचा आणि त्यानंतरच घास. परवा खारट चीजबरोबर गोडसर वाइन दिली. मी म्हणालो, हिला पिकलेल्या नासपतीचा वास आहे, मागून जरा मध येतोय. मास्तर खूश! वर्गात एक दातांचे डॉक्टर आहेत, ते तर म्हणतात, असं नाक विकत मिळत नाही.

शेजारी पुस्तकं बांधणाऱ्या एक बाई बसतात. माझ्यासारख्याच एकट्या. पेला नाकाशी नेला की स्वतःशीच पुटपुटतात. त्यांच्या शेजारी बसायला बरं वाटतं.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, पण लिहीत राहिलीस तर तो दिसेल.
तुझा दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनी गेल्यापासून तुझ्या पत्रात असं हसू पहिल्यांदाच दिसलं. त्या पुटपुटणाऱ्या बाईंबद्दल मी काही विचारत नाही. बघ, विचारलं का?

एक काम मात्र सांगते. पुढच्या महिन्यात ह्यांच्या निवृत्तीचं जेवण आहे. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन, ते तूच ठरवायचं. ह्यांच्या ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय, माझा भाऊ त्यातला जाणकार आहे म्हणून. आता नाही म्हणायची सोय नाही.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वाइन मी निवडणार नाही. का ते लिहितो, पण हे पत्र टेबलावर वाचू नकोस.

गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर मला कसलाच वास येत नाही. तुझ्या वहिनीचं कपाट उघडलं, तिच्या शालीत तोंड खुपसलं, तर नुसती लोकर. तेव्हा मला कळलं. हे सांगायचं कोणाला आणि कोणत्या तोंडाने? वर्गात बाई पुटपुटायच्या, ते ऐकून मी चार शब्द जोडायचो. वाहवा मिळाली की अंगावर मूठभर मांस चढायचं.

काल बाईंनी स्वतःची एक बाटली आणली. लग्नाच्या वर्षी त्यांच्या नवऱ्याने ठेवली होती, दोघं म्हातारे झालो की उघडू म्हणून. ते गेले. आता चांगल्या माणसांत उघडावी असं वाटलं, म्हणाल्या. मास्तरांनी ओतली. पेले नाकाशी गेले आणि सगळे गप्प झाले. बाईही काही पुटपुटल्या नाहीत. मला वाटलं, वाइन अपेक्षेपेक्षा थोर निघाली. मग मीच उभा राहिलो! म्हणालो, इतका ताजा सुगंध मी आजवर घेतला नाही, फुललेली बाग आहे नुसती, ठेवणाऱ्याच्या हाताला यश होतं.

डॉक्टर फिस्सकन हसले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग पर्स उचलून निघून गेल्या. मास्तरांनी बूच माझ्यापुढे धरलं. काळं पडलेलं, बुरशी लागलेलं. म्हणाले, वाइनला ओल्या गोणपाटाचा वास मारतोय, बाईंची अशी थट्टा शोभली नाही तुम्हाला. मी थट्टा केली नव्हती, हेही मला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. मान खाली घालून घरी आलो. आता त्या रस्त्याने जायचीही लाज वाटते.
दादा

२५ फेब्रुवारी

ती. दादास,
न. वि. वि. पत्र वाचून आधी तुझा भयंकर राग आला, मग माझा स्वतःचा. खुळं डोकं माझं! डिसेंबरात आले होते तेव्हा तुझ्या घरात टॉवेलांना कुबट वास येत होता. मी तुला फाडफाड बोलले, आणि घरी येऊन सुनेला सांगितलं की दादा गबाळा झालाय. तू नुसता हसलास. तेव्हा एका शब्दाने विचारलं असतं तर? मलाही तुझ्यासमोर यायला तोंड नाही.

जेवणाची काळजी सोड. ह्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाणी पिऊ, पण दादा यायला हवेत. तू मात्र त्या बाईंकडे जा. त्या अजून हेच समजत असतील की त्यांच्या माणसाची तू भर सभेत टर उडवलीस. तुझी अब्रू राहो न राहो, त्यांना तसं वाटत ठेवू नकोस.
धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. गेलो. त्यांच्या दुकानात पुस्तकं चिकटवायच्या सरसाचं भांडं उकळत होतं. त्याला उग्र वास असतो म्हणे, मला पत्ता नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, त्यांचे शब्द उसने घेत होतो तेही. बाईंनी हातातली सुई खाली ठेवली नाही. टाका पुरा करून म्हणाल्या की तुम्ही खोटं बोलत नाही हे कळतंय, पण मला अजून हसता येत नाही. गुरुवारी या, फक्त माझ्या शेजारी बसू नका.

काल गेलो आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. माझी पाळी आली तेव्हा कानशिलं तापली होती. म्हणालो, मला वास येत नाही, या वर्गात आलो तेव्हाही येत नव्हता. ही आंबट आहे, हिरड्यांना खरखरीत लागते, गार आहे, यापुढचं मला कळत नाही. डॉक्टर आपल्या पेल्यात बघत राहिले. मास्तर म्हणाले, बरोबर आहे, खरखरीतच आहे, आणि पुढे शिकवायला लागले.

माझी मान काही वर होत नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या टोकाकडून पावाची थाळी सरकत आली. बाईंनी पहिला तुकडा स्वतः घेतला होता आणि डॉक्टरांना सांगितलं होतं, पुढे द्या, त्यांच्यापर्यंत जाऊ दे. हातोहात ती माझ्यापर्यंत आली. पाव अजून गरम होता.

मेहुण्यांच्या जेवणाला मी येतोय. टॉवेल धुऊन घेऊन येतो, वास तू घेऊन सांग.
तुझा दादा