माझी गाठ, त्यांचा हात

शनिवार, संध्याकाळ. वसई.

राग अजून उतरलेला नाही. वालीवच्या शेडमधल्या भिंतीवर आज पहिल्यांदा दोर बांधून चढायचं होतं. हिमाचलच्या गिर्यारोहण कोर्सला कोण जाणार, ते आम्हाला शिकवणारे सर याच भिंतीवर ठरवणार आहेत. नियम त्यांचाच: आपली गाठ आपण मारायची, जोडीदाराने तपासायची.

मी गाठ मारली, जिभेला अंगठा लावून ती ओली केली आणि आवळली. पाचूबंदरला बाबांच्या होडीवर आम्ही अशीच आवळायचो. सगळे हसले. "आजी, दोराला थुंकी नका लावू!" म्हणत सरांनी ती सोडवली आणि स्वतःच मारली. बरोबर होती की चूक, बघितलंसुद्धा नाही! माझ्या जोडीदारणीच्या, श्रुतीच्या गाठीचं टोक मात्र बोटभरच उरलं होतं; अशी गाठ वजन पडलं की सुटू शकते. मी म्हटलं, "सर, हिची बघा."

"आजी, तुम्ही फोटो काढा ना."

श्रुतीने आपली गाठ बघितली, सोडली आणि पुन्हा मारली.

मी चढले, पार वरपर्यंत. पण त्यांच्या गाठीवर. आणि खाली उतरून मी काय म्हणाले? "थँक यू, सर." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी घोटून घेतलेलं! त्यापेक्षा थुंकी बरी.

उद्या चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की थेट वालीव. गाठ मीच मारणार, थुंकी लावूनच. श्रुती तपासेल. आणि सर पुढे आले तर एवढंच सांगायचं: हात मागे, नियम तुमचाच आहे.