परीक्षा चालू, आवाज नको

६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं, आईला वाचून दाखवलं. फोनवरचा तुझा आवाज तिला डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्यामुळे पत्रात असेल तेवढंच तिच्या लेखी खरं.

इकडची बातमी म्हणजे तुझी ताई पुन्हा विद्यार्थिनी झाली. लोकांचं रक्त काढण्यात माझा जन्म गेला, पण आता ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी सुनावलंय. प्रमाणपत्र नाही तर नोकरी नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून बसते. पासवर्ड चुकला की तो मी माणूस असल्याचा पुरावा मागतो. पहिल्या तासाला चांगली साडी नेसून बसले, तर वर्गाला दिसलं फक्त माझं कपाळ. वर माइक चालू राहिला. औषध थुंकलीस तर याद राख, असं मी आईला बजावलं ते साऱ्या वर्गाने ऐकलं. एका मुलीने लगेच लिहून विचारलं, घेतलं का आजींनी औषध.

धास्ती आहे ती परीक्षेची. दार लावून कॅमेऱ्यासमोर बसायचं, खुर्चीतून उठलं की परीक्षा रद्द. आणि आईच्या हाका तुला ठाऊकच आहेत. पाणी दे, पंखा कमी कर, बेल कुणी वाजवली. दोन मिनिटं गप्प बसेल तर शपथ. सोबतीला येणारं कुणी नाही. काय करू ते कळव.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई


१५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कपाळाचं दर्शन झालेल्या वर्गाला माझा नमस्कार सांग. आमच्या गोदामातही हजेरी आता यंत्रच घेतं. सर्दीने नाक सुजलं होतं त्या दिवशी त्याने मला ओळखच दिली नाही. साहेबांनी तरी कुठे दिली आहे म्हणा.

आईचा बंदोबस्त मी करतो. पुढचा मजकूर तिला मोठ्याने वाच. ती. आई, ताईच्या त्या यंत्राला आपल्या जुन्या हेडमास्तरांसारखे तिखट कान आहेत. परीक्षेच्या वेळी घरात तू नुसती खोकलीस तरी ताई नापास. मग नोकरी गेली की दोघींनी इकडे यायचं आणि जन्मभर माझ्या हातचं जेवायचं. तेव्हा काहीही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही.

बघ, कशी गप्प बसते.

निकाल कळव आणि आहे तो लोभ वाढव.

तुझा,
धाकटा


४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी पास झाले. हे आधीच लिहून टाकते, पुढचं लिहिल्यावर लिहावंसं वाटणार नाही.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना मी हसत होते. ती हसली नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तिला निजवून मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. एकही हाक आली नाही. मी उत्तरं देत होते आणि मनात म्हणत होते, धाकट्याने बरी मात्रा दिली. संपल्यावर मी आधी चहा टाकला. मग तिचा कप घेऊन आत गेले.

ती खाट आणि कपाटाच्या मधे पडली होती. न्हाणीघरात जायला उठली असावी. कधी पडली ते सांगत नाही. पदराचा बोळा दातांत घट्ट धरलेला, तो मलाच काढावा लागला. मग तिने अगदी हळू विचारलं, संपलं का गं, आता ओरडलं तर चालेल का.

खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, आता पुन्हा उभी राहील अशी आशा धरू नका. इस्पितळातही ती कुजबुजतेच. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला विचारलं, आईंचा आवाज गेलाय का.

कोर्सवाल्यांना मी फोन केला होता. त्या बाई म्हणाल्या, परीक्षेत आम्ही आवाज घेतच नाही, नुसतं बघतो.

तुला बोल लावत नाही. लिहिलंस तू, वाचलं मी. पंधरा तारखेला, सोमवारी, कामावर रुजू व्हायचंय. येता आलं तर ये.

तुझी,
ताई


१० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. रजेचा अर्ज टाकलाय. मंजूर होवो न होवो, रविवारी पोचतो. तू सोमवारी कामावर जा. आईपाशी मी बसेन.

एक मागणं आहे. कोर्सवाल्या बाई काय म्हणाल्या ते आईला सांगू नकोस. मला बघितल्यावर ती आधी हेच विचारील, की माझा आवाज त्या यंत्रापर्यंत गेला नाही ना. मी म्हणेन, नाही गेला, म्हणून तर ताई पास झाली.

लोभ आहेच, असं या खेपेला धरून चालत नाही.

तुझा,
धाकटा